बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरचा पोचा घरच्या घरी कसा काढायचा? इस्त्री, ओलं फडकं आणि थोडं विज्ञान



आज मोबाईल नाही, ॲप नाही, एआय तर अजिबात नाही. आज विषय आहे लाकडाचा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुमच्या फोनचंही काम आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून दुधनीला घरी गेलो होतो. दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं, अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या अगदी सीमेवरचं आमचं गाव. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि रेल्वे स्टेशनवर दोन्ही. पहिल्याच संध्याकाळी लॅपटॉपचा चार्जर शोधताना माझा धक्का लागला आणि कोपऱ्यात उभी असलेली काकांची एअर रायफल कलंडली. खाली शहाबादी फरशी, आणि नेमकी पायरीची कड. ठक्क असा आवाज झाला. उचलून बघितलं तर दस्त्यावर, म्हणजे गाल टेकवतो त्याच जागी, तुरीच्या दाण्याएवढा खोल पोचा.

काका काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं. ही रायफल त्यांनी पहिल्या काही पगारांतून घेतलेली. आता माझी चुलत बहीण दहा मीटर एअर रायफल शिकायला सुरुवात करणार आहे आणि काका तिला याच रायफलीवर बैठक आणि पकड शिकवणार होते. तिने रायफल गालाला लावली आणि म्हणाली, "दादा, टोचतंय रे."

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. फोन काढला आणि सर्च केलं. एक जण म्हणतो थेट इस्त्री फिरवा. दुसरा म्हणतो हेअर ड्रायर लावा. तिसरा म्हणतो सगळं पॉलिश पेपरने घासून सपाट करा. तिघांपैकी एकानेही हे का करायचं ते सांगितलं नव्हतं. आणि "का" कळल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूवर प्रयोग करायचा नाही, एवढं तरी इंजिनिअरिंगने शिकवलंय. म्हणून हा लेख.

आधी कायदा आणि सुरक्षा, मग इस्त्री

हा भाग गाळू नका.

मी जे केलं ते एअर रायफलच्या दस्त्यावर केलं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ज्या हवाई रायफलीची नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आहे आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपर्यंत आहे, तिला परवाना लागत नाही. त्यावरच्या रायफलीला लागतो.

घरात शेतराखणीची किंवा आजोबांच्या वेळची परवान्याची बंदूक असेल तर गोष्ट वेगळी. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये परवाना लागणाऱ्या कामांच्या यादीत "दुरुस्ती" हा शब्द स्पष्ट आहे. म्हणजे अशी बंदूक परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच न्यायची, आणि तीही परवाना ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यासोबत किंवा त्यांच्या लेखी परवानगीने. पोचा कितीही छोटा असो, तिथे घरगुती प्रयोग नको. पण लाकडाचं विज्ञान दोन्हीकडे सारखंच आहे. ते माहीत असेल तर दुकानात काय काम होणार हे तुम्हाला कळेल.

आता एअर रायफलीबद्दल. "ही तर खेळण्यातली" असं समजू नका. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून:

- नळी उघडून आत छर्रा नाही याची स्वतः खात्री करा. "रिकामीच असते" या वाक्यावर विश्वास ठेवू नका.
- स्प्रिंग ताणलेली नाही हे बघा.
- दस्ता धातूच्या भागापासून सोडवून घ्या. बहुतेक स्प्रिंगच्या रायफलींमध्ये पुढच्या बाजूला दोन आणि ट्रिगरच्या कड्याजवळ एक-दोन स्क्रू असतात. ते काढले की लाकूड एकीकडे आणि यंत्रणा एकीकडे होते.
- यंत्रणा आणखी उघडू नका. आतली स्प्रिंग दाबाखाली असते, ती सुटली तर हात फुटतो. आपलं काम लाकडाशी आहे.
- यंत्रणा कोरड्या कापडात गुंडाळून दुसऱ्या खोलीत ठेवा. वाफ आणि लोखंड यांचं जमत नाही, गंज धरतो.

आणि एक सांगायलाच हवं: पक्ष्यांवर नेम धरायचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहे, आणि तो नसता तरी नाही.

पोचा म्हणजे नेमकं काय?

इथे खरी गंमत आहे. पोचा पडला की आपल्याला वाटतं लाकूड "गेलं". पण बहुतेक वेळा लाकूड गेलेलं नसतं. ते तिथेच असतं, फक्त दबलेलं असतं.

कडब्याची पेंढी डोळ्यासमोर आणा. ज्वारीची धाटं एकाला एक लावून घट्ट बांधलेली. लाकूड आतून साधारण तसंच असतं: लांबट, पोकळ पेशी, एकमेकींना चिकटलेल्या. पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या, म्हणजे कापसात असतं त्याच पदार्थाच्या. आणि त्यांना धरून ठेवणारा नैसर्गिक डिंक म्हणजे लिग्निन. पेंढीवर दगड टाकला तर धाटं चेपतात, पण धाटं नाहीशी होत नाहीत. फरशीच्या कडेने दस्त्याला नेमकं हेच केलं होतं.

मग चेपलेल्या पेशी आपोआप वर का येत नाहीत? कारण कोरड्या लाकडात लिग्निन कडक असतं. पेशी दबल्या त्या स्थितीत ते त्यांना अडकवून ठेवतं. पण भिंतींमध्ये मूळ आकाराकडे परत जाण्याचा ताण शिल्लक असतो. फक्त कुलूप लागलेलं असतं.

या कुलपाला दोन किल्ल्या लागतात, पाणी आणि उष्णता.

कोरडं लिग्निन मऊ व्हायला शंभर अंशांच्या बरंच वर जावं लागतं. तेच पाण्याने भिजलं की शंभराच्या आसपास, किंवा त्याच्या आतच मऊ पडतं. शिवाय पाणी पेशीभित्तीत शिरलं की भिंती फुगतात. म्हणजे कुलूपही उघडलं आणि आतून ढकलणाराही मिळाला. दबलेल्या पेशी हळूहळू वर येतात. मग लाकूड थंड होतं, वाळतं आणि त्याच नव्या (खरं म्हणजे जुन्याच) आकारात पुन्हा कडक होतं.

हे तुम्ही रोज बघता. सुती शर्टाची चुणी कोरड्या इस्त्रीने नीट जात नाही. पाणी शिंपडलं की जाते. सेल्युलोज तेच, तत्त्व जवळपास तेच.

आता हेअर ड्रायरवाल्याचं कुठे चुकलं ते लक्षात आलं का? त्याच्याकडे एकच किल्ली होती. नुसती उष्णता लाकूड आणखी वाळवते. आणि पेपरने घासणारा तर पोच्याच्या आजूबाजूचं चांगलं लाकूड पोच्याच्या पातळीपर्यंत खाली आणतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, एक फाईल बिघडली म्हणून उरलेल्या सगळ्या फाईल्स बिघडवून "आता सारखं झालं" म्हणायचं.

पोचा, ओरखडा की तुटलेलं लाकूड? फोनचा टॉर्च लावा

वाफेने फक्त दबलेलं लाकूड वर येतं. निघून गेलेलं लाकूड परत येत नाही. डिलीट झालेली फाईल आणि चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेली फाईल यात जो फरक आहे, तोच इथे. म्हणून आधी निदान.

खोलीतला दिवा बंद करा. फोनचा टॉर्च लावून फोन दस्त्याला जवळजवळ टेकवा, म्हणजे प्रकाश लाकडावरून आडवा सरपटत जाईल. वरून प्रकाश टाकला तर खड्डा दिसतच नाही, आडव्या प्रकाशात त्याची सावली पडते आणि सगळं उघडं पडतं. दुसऱ्या फोनने फोटो काढा. फोन आणि टॉर्चची जागा लक्षात ठेवा, कारण नंतर तुलना करायला तसाच फोटो लागणार आहे.

आता झूम करून बघा.

पोचा: लाकडाच्या रेषा खड्ड्यात उतरतात आणि पलीकडे चढतात, पण तुटत नाहीत. नख फिरवलं तर घसरत आत जातं. हा वाफेने बरा होतो.

काप किंवा टवका: रेषा एकदम संपतात, कड धारदार लागते, नख अडकतं. इथे लाकूड तुटलंय किंवा उडालंय. वाफेने थोडं सुधारेल, पूर्ण जाणार नाही.

नुसता ओरखडा: खरचटलंय ते फक्त वरचं पॉलिश. वाफेचा काही उपयोग नाही.

चीर: विशेषतः ट्रिगरमागच्या बारीक मानेजवळ, जिथे आपण मूठ धरतो. चीर दिसली तर थांबा. हा दिसण्याचा नाही, मजबुतीचा प्रश्न आहे. ते जाणकाराचं काम.

आमच्या रायफलीवर ऐंशी टक्के पोचा होता आणि एका बाजूला, फरशीची कड लागली तिथे, केसासारखा बारीक काप. म्हणजे काय अपेक्षा ठेवायची ते आधीच कळलं.

वरचं पॉलिश कोणतं आहे?

पाणी लाकडात शिरलं तरच सगळं घडतं. त्यामुळे वर काय लावलंय हे महत्त्वाचं.

तेल-पॉलिश असेल (जवसाचं तेल वगैरे) तर सोपं. पाणी हळूहळू आत जातं आणि काम झाल्यावर फक्त तेवढ्या जागी पुन्हा तेल लावता येतं.

लाखेचं पॉलिश असेल, म्हणजे सुतार चपड्या आणि स्पिरिटचं करतात ते, तर उष्णता आणि ओलावा लागला की पांढरा डाग उमटतो. गरम चहाचा कप लाकडी टेबलावर ठेवल्यावर उमटतो तसाच. तेवढ्या जागी पॉलिश पुन्हा करायची तयारी ठेवा.

पीयू, मेलामाईन किंवा जाड वार्निश असेल तर ते प्लॅस्टिकच्या पापुद्र्यासारखं पाणी अडवतं. मग पोच्यापुरता तो थर काढल्याशिवाय वाफेचा परिणाम होत नाही.

कसं ओळखायचं? दस्त्याच्या मागच्या टोकाचं रबर काढता येत असेल तर त्याच्या काठाजवळ, किंवा कुठल्याही लपलेल्या जागी, कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर तिथेच पाण्याचा थेंब ठेवा. काही मिनिटांत जिरून डाग गडद झाला तर तेल, मोत्यासारखा तसाच राहिला तर बहुधा पीयू किंवा वार्निश. आणि स्पिरिटची बाटली बंद करून दूर ठेवल्याशिवाय इस्त्री लावायची नाही. स्पिरिट क्षणात पेट घेतं.

लागणारं सामान

- साधी कपड्यांची इस्त्री
- पांढरं, जुनं, सुती कापड. धोतराचा तुकडा उत्तम. रंगीत नको, रंग लाकडात उतरतो
- बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, गॅरेजमध्ये मिळतं
- ३२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर
- जवसाचं तेल (हार्डवेअरच्या दुकानात "बॉईल्ड लिनसीड ऑईल" मागा, ते लवकर वाळतं)
- फोन: टॉर्च, कॅमेरा आणि स्टॉपवॉच

डिस्टिल्ड वॉटर कशाला? आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर चढतो. तसा थर लाकडावर नको. शिवाय पाण्यात लोह असेल तर अनेक लाकडांतल्या टॅनिनशी त्याची प्रक्रिया होऊन निळसर काळा डाग पडतो. तीस-चाळीस रुपयांसाठी धोका कशाला घ्यायचा?

आधी टेस्टिंग, मग प्रॉडक्शन

ऑफिसमध्ये आम्ही नवीन कोड कधीच थेट लोकांच्या फोनवर सोडत नाही. आधी टेस्टिंग. इथेही तसंच. घरात जुना लाकडी पाट किंवा सुताराकडचा टाकाऊ ठोकळा शोधा. त्याला हातोडीने मुद्दाम पोचा पाडा आणि आधी त्यावर सगळी कृती करून बघा. मी सागाच्या एका तुकड्यावर तीन पोचे पाडले. पहिला मी जाळला. दुसरा अर्धवट आला. तिसरा छान वर आला. काकांच्या रायफलीला मी चौथ्या प्रयत्नात हात लावला.

कृती

१. साफसफाई. किंचित साबणाच्या ओल्या फडक्याने जागा पुसा, मग कोरडी करा. तळहाताचं तेल आणि मेण पाणी अडवतं.

२. भिजवणं. पोच्यात डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब सोडा आणि १५ मिनिटं थांबा. पाणी जिरलं तर आणखी घाला. उथळ पोचा कधी कधी एवढ्यानेच निम्मा वर येतो.

३. वाफ. कापड भिजवून पिळा. थेंब गळायला नकोत, पण चांगलं ओलं हवं. दोन पदरी घडी करून पोच्यावर ठेवा. इस्त्री "कॉटन"वर तापवा आणि तिचं फक्त टोक पोच्यावर टेकवा, ३ ते ५ सेकंद. चर्र आवाज येईल, वाफ येईल. उचला. घासायचं नाही, दाबायचं नाही.

या "चर्र"मध्येच सगळी सुरक्षा आहे. कॉटनवरची इस्त्री दोनशे अंशांच्या आसपास असते. पण कापडात पाणी आहे तोपर्यंत खालच्या लाकडाचं तापमान साधारण शंभराच्या वर जात नाही, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की आवाज थांबतो, आणि त्या क्षणापासून दोनशे अंश थेट लाकडात जायला लागतात. मी पहिला तुकडा असाच जाळला. म्हणून नियम एकच: आवाज थांबण्याआधी इस्त्री उचला.

४. बघणं. कापड काढा, मिनिटभर थंड होऊ द्या, टॉर्च आडवा धरून बघा. फोटो घ्या.

५. पुन्हा. कापड पुन्हा ओलं करून दुसरी फेरी. साधारण चार-पाच फेऱ्या. दोन लागोपाठच्या फोटोंत फरक दिसला नाही तर थांबा. पुढे रेटून उपयोग नाही, उलट पॉलिश आणि रंग खराब होतो.

६. वाळवणं. आता सगळ्यात अवघड काम: काहीही करायचं नाही. किमान २४ तास, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. उन्हात ठेवू नका. वरचा थर झपाट्याने आकसला तर लाकूड तडकतं. सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर.

७. घासणं. वाफेने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात, जागा खरखरीत लागते. ४०० नंबरचा पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने अगदी हलक्या हाताने. जास्तच खरखरीत असेल तर आधी ३२०. पूर्ण वाळल्यावरच, ओल्या फुगवट्यावर घासलं तर वाळल्यावर तिथे खड्डा तयार होतो.

८. तेल. बोटाने दोन थेंब तेल चोळा, १५ मिनिटांनी जादाचं पुसून टाका. २४ तासांनी पुन्हा. असे तीन-चार पातळ हात. एकच जाड हात दिला तर आठवडाभर चिकट राहील.

विजेचं भान ठेवा. ओल्या हाताने इस्त्री धरू नका, पायात चप्पल असू द्या, वायर कुठे सोललेली नाही ना ते बघा.

आणि जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात कधीही टाकू नका. हे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतं आणि त्यात उष्णता तयार होते. चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता फडकं पेट घेऊ शकतं. फडकं बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

शिसम, साग, अक्रोड: सगळ्यांना सारखंच?

नाही. अक्रोडाचं लाकूड दस्त्यांसाठी जगभर आवडतं, कारण ते मजबूत असूनही फार जड नाही, सहज फाटत नाही आणि वाफेलाही चांगलं दाद देतं. शिसम जास्त घट्ट, त्यामुळे त्यावर पोचे कमी पडतात, पण पडले तर पाणी हळू शिरतं. सागात नैसर्गिक तेल असतं, तिथेही धीर लागतो. काकांच्या मते आमचा दस्ता शिसमाचा आहे. आणि खरंच, भिजवायला १५ मिनिटांऐवजी पाऊण तास लागला.

आमच्या भागातल्या हवेचाही यात हात आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात साधारण ६ टक्के पाणी राहतं, ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार असतो आणि हवा कोरडीठाक, मग पावसाळ्यात उलटं. म्हणजे लाकूड दरवर्षी आकसतं आणि फुगतं. म्हणूनच आज मोठ्या स्पर्धांत ॲल्युमिनियमचे, प्रत्येक भाग खाली-वर करता येणारे दस्ते दिसतात. ॲल्युमिनियम पाणी पीत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे गाल दरवेळी त्याच जागी टेकला पाहिजे. बहिणीची "टोचतंय" ही तक्रार म्हणजे नखरा नव्हता. टोचलं की गाल नकळत सरकतो, गाल सरकला की डोळा सरकतो, आणि डोळा सरकला की नेम.

कशावर ही युक्ती करू नये?

क्रिकेट बॅट. हे खास सांगतो, कारण कोणीतरी करणारच. बॅटचं विलो लाकूड कारखान्यात मुद्दाम दाबून कडक केलेलं असतं. वाफ दिली तर तुम्ही तेच दाबणं उलटवाल. पोचा जाईल आणि बॅटही जाईल.

कॅरम बोर्ड, प्लायवूड, एमडीएफ. थर गोंदाने चिकटवलेले असतात. वाफेने गोंद सुटतो, एमडीएफ तर फुगून बसतं.

जाळीदार नक्षी कोरलेला भाग. उभे राहिलेले तंतू तिथे घासता येत नाहीत, नक्षीच पुसली जाते.

खरोखर जुनी, ऐतिहासिक वस्तू. आमच्या तालुक्याच्या गावी, अक्कलकोटच्या राजवाड्यात, संस्थानकाळातलं शस्त्रागार आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत तिथल्या जुन्या बंदुका बघताना मला फक्त नळ्या दिसायच्या. आता दस्ते दिसतात. अशा वस्तूवरचा पोचा हा बिघाड नसतो, ती नोंद असते. घरात पणजोबांच्या काळातलं काही असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि थांबा.

पाट, पोळपाट, भरीव लाकडाचं टेबल, खुर्चीचा हात, दाराची चौकट यांच्यावर मात्र बिनधास्त करून बघा.

आणि कापाचं काय?

लाकूडच उडालं असेल तर भरावं लागतं. त्याच लाकडाचा बारीक भुसा दोन भागांच्या इपॉक्सीत कालवून भरतात, वाळल्यावर घासतात. किंवा सुतार लाखेची कांडी वितळवून भरतात. पण क्रम महत्त्वाचा: आधी वाफ, मग भरणं. आधी भरलंत तर खालच्या दबलेल्या पेशींचा रस्ता कायमचा बंद. छोटा काप असेल तर माझा सल्ला, तसाच राहू द्या.

शेवटी काय झालं?

पाच फेऱ्या लागल्या. दुसऱ्या फेरीनंतर फोटोत सावली निम्मी झाली होती, चौथ्यानंतर नखाला खड्डा लागेना. पाचव्यात काहीच फरक पडला नाही, म्हणून थांबलो. दोन दिवस दस्ता माजघरात सावलीत ठेवला. मग पेपर, मग तेलाचे तीन हात. तो केसासारखा काप मात्र राहिला, अपेक्षेप्रमाणे. बोटाला लागत नाही, पण आडव्या प्रकाशात बघितलं तर दिसतो.

जोडताना स्क्रू सगळे थोडे थोडे करत, आळीपाळीने आवळले. एकच आधी पूर्ण आवळला तर यंत्रणा दस्त्यात तिरकी बसते. आणि दस्ता काढून बसवला की नेम थोडा हलतो, त्यामुळे आडोशाला सुरक्षित भिंत बघून पाच छर्रे कागदावर मारून काकांनी साइट पुन्हा जुळवली.

मग बहिणीने रायफल गालाला लावली. काही बोलली नाही, नुसती नेम धरून उभी राहिली. काकांनी तिला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचं आणि स्वप्नील कुसाळेचं नाव सांगितलं. स्वप्नील तर आपल्या मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, तेव्हाच २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेऊन आला. आमच्या दुधनी स्टेशनवरून जाणारी लाईनही मध्य रेल्वेचीच, त्यामुळे काकांना हा धागा फार आवडतो.

मी कापाकडे बोट दाखवून म्हटलं, "काका, एवढं राहिलं बघा."

काका म्हणाले, "राहू दे की. तुझी आठवण."

पोचा दिसला की घासायला धावू नका. आधी आडवा टॉर्च लावा आणि बघा, लाकूड गेलंय की नुसतं दबलंय. दबलं असेल तर त्याला पाणी, ऊब आणि वेळ द्या. आणि चर्र आवाज थांबण्याआधी इस्त्री उचला!